‘बातमी काढून टाका’ असा फोन आला तर? छोट्या न्यूज पोर्टल आणि यूट्यूब चॅनलवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

तालुक्याच्या गावात बसून मोबाइलवर बातम्या करणारी, स्वतःचं पोर्टल नाहीतर यूट्यूब चॅनल चालवणारी बरीच मंडळी तेच तेच प्रश्न विचारत असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. मी एका छोट्या मराठी पोर्टलवर काम करते, वकील नाही, त्यामुळे नोटीस हातात पडली की वकिलाकडे जायचंच. पण ती नोटीस कशाची आहे आणि वकिलाला नेमकं काय विचारायचं एवढं तरी हे वाचून कळावं. माझं म्हणणं एकच आहे आणि ते खाली परत परत येईल: सरकारला बातमी थांबवायचीच असेल तर कायद्याचं कलम, कारण आणि सही असलेला कागद त्यांनी द्यायला पाहिजे, आणि तो मागायची लाज किंवा भीती आपण बाळगायची नाही.

पत्रकारांना संविधानात वेगळा हक्क आहे का?

वेगळा नाही. कलम १९(१)(अ) सगळ्याच नागरिकांना बोलायचं, लिहायचं स्वातंत्र्य देतं, बातमी देणं त्यातच आलं. घटना समितीत हा मुद्दा निघाला होता, तेव्हा बाबासाहेबांनी सांगितलं की वर्तमानपत्राचा संपादक हाही नागरिकच आहे, तो लिहितो तेव्हा स्वतःचाच हक्क वापरतो, त्यासाठी निराळं कलम लागत नाही. आज याचा सगळ्यात जास्त फायदा आपल्यासारख्यांना आहे, कारण ज्याच्याकडे ना छापखाना ना ऑफिस, फक्त एक फोन आणि एक माइक आहे, त्याचाही हक्क तेवढाच पक्का.

१९(२) मध्ये या हक्कावर बंधनं कशासाठी घालता येतात त्याची यादी आहे. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, कोर्टाचा अवमान वगैरे. सरकारची किंवा आमदाराची नाचक्की हे त्या यादीत नाही. आणि बंधन घालायचं तर ते कायद्यानेच, फोन करून सांगणं म्हणजे कायदा नव्हे.

पोर्टलची नोंदणी कुठे करायची? आमच्याकडे ‘उद्यम’चं सर्टिफिकेट आहे, ते चालतं का?

ते लघुउद्योग म्हणून केलेली नोंद आहे, त्याने कुणी सरकारमान्य पत्रकार होत नाही. पोर्टलच्या माथ्यावर उद्यमचा नंबर आणि खाली ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’ असं लिहिणं कृपया बंद करा, उद्या केस झाली तर पहिल्यांदा तेच तुमच्यावर उलटेल. पैसे घेऊन प्रेस कार्ड वाटणाऱ्यांचंही तसंच.

वर्तमानपत्रं आणि मासिकांचा १८६७ चा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा कायदा आला, पण तो नियतकालिकांचा आहे, फक्त ऑनलाइन चालणारं पोर्टल त्याच्यात बसत नाही. २०२१ च्या आयटी नियमांत डिजिटल बातम्या देणाऱ्यांनी माहिती व प्रसारण मंत्रालयाला आपली माहिती कळवावी असं आहे, पण ते लायसन्स नाही. बातमी द्यायला या देशात लायसन्स लागत नाही हे लक्षात ठेवा, ‘तुमचं रजिस्ट्रेशन कुठंय’ हा प्रश्न पोलीस स्टेशनला हमखास विचारला जातो आणि भलेभले तिथेच गप्प होतात.

सरकार वेबसाइट किंवा चॅनल बंद करतं म्हणजे नक्की काय करतं?

दोन मुख्य रस्ते आहेत आणि त्यातला फरक समजून घेणं फार गरजेचं आहे.

पहिला आयटी कायद्याचं कलम ६९ए. याखाली केंद्र सरकार इंटरनेट कंपन्यांना किंवा यूट्यूब, एक्स वगैरेंना सांगतं की अमुक लिंक, अमुक साइट भारतात दिसू देऊ नका. कारणं ठरलेली आहेत: देशाचं सार्वभौमत्व, संरक्षण, मित्रराष्ट्रांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि यांच्याशी संबंधित गुन्ह्यांना चिथावणी. बदनामी हे कारण त्यात नाही, ‘खोटी बातमी’ हेही नाही. २००९ च्या नियमांप्रमाणे समिती बसते, समोरच्याला म्हणणं मांडायला निदान ४८ तास द्यायचे असतात, पण ‘तातडीचं आहे’ म्हटलं की आधी ब्लॉक आणि मग समिती असं करता येतं. २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने श्रेया सिंघल केसमध्ये ६६ए हे ऑनलाइन पोस्टवरून अटक करता येणारं कलम रद्द केलं ते सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच निकालात ६९ए टिकलं, आणि ते टिकलं ते या भरवशावर की आदेशात कारणं लेखी असतील आणि त्याला कोर्टात आव्हान देता येईल.

दुसरा रस्ता त्याच आयटी कायद्याचं ७९(३)(बी). हे खरं म्हणजे कंपन्यांना मिळणाऱ्या कायदेशीर संरक्षणाचं कलम आहे, लोकांनी टाकलेल्या मजकुराबद्दल यूट्यूबला जबाबदार धरायचं नाही असं, पण सरकारने कळवूनही त्यांनी मजकूर हटवला नाही तर हे संरक्षण जातं. याच्यावर केंद्रीय गृह खात्याचं ‘सहयोग’ पोर्टल उभं आहे, त्याच्यावरून वेगवेगळ्या खात्यांचे अधिकारी आणि राज्यांचे पोलीस थेट कंपन्यांना कळवतात. ६९ए मध्ये समिती, सुनावणी, आढावा असं काहीतरी होतं तरी, इथे तेवढंही नाही. एक्स कंपनी याच्याविरुद्ध कर्नाटक हायकोर्टात गेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हरली. पुढच्याच महिन्यात सरकारने नियम थोडा बदलला, आता सहसा केंद्रात सहसचिव आणि पोलिसांत डीआयजी यांच्या खालच्या अधिकाऱ्याला अशी सूचना देता येत नाही आणि तिच्यात कायदेशीर आधार लिहावा लागतो. तुमच्या व्हिडिओवर टेकडाउन, म्हणजे तो हटवायची सूचना, आली तर सूचना कोणत्या कलमाखाली आहे आणि कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याची आहे हे पहिलं विचारायचं ते यासाठी.

पण आम्हाला आदेश मिळतच नाही. यूट्यूबचा मेल येतो, ‘सरकारच्या आदेशामुळे भारतात उपलब्ध नाही’, बस. कारण कुठे शोधायचं?

हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि माझ्या मते बाकी सगळ्या कलमांपेक्षा वाईट गोष्ट हीच. २००९ च्या ब्लॉकिंग नियमांत १६ वा नियम आहे, तक्रार आणि कारवाई गुप्त ठेवायची म्हणून. त्याचा अर्थ सरकारी खाती असा लावतात की ज्याचं लिखाण बंद केलं त्यालाही आदेश दाखवायचा नाही. म्हणजे आपल्याला शिक्षा झाली आणि आपण काय केलं हेच माहीत नाही, मग कोर्टात आव्हान तरी कशाला द्यायचं?

उदाहरणं बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये तमिळमधल्या विकटनची आख्खी वेबसाइट अनेकांना उघडेनाशी झाली, झालं काय होतं तर त्यांच्या डिजिटल अंकात पंतप्रधानांना बेड्यांमध्ये ट्रम्प यांच्या शेजारी बसलेलं दाखवणारं व्यंगचित्र आलं होतं. एका चित्रासाठी जवळपास शंभर वर्षांची परंपरा असलेल्या संस्थेची सगळी साइट बंद. मद्रास हायकोर्टाने मार्चमध्ये साइट सुरू करायला सांगितली, ते पान तात्पुरतं काढायच्या अटीवर. मग पहलगामच्या हल्ल्यानंतर लखनौचं ४पीएम हे सत्तर लाखांहून जास्त सबस्क्रायबर असलेलं यूट्यूब चॅनल बंद झालं, संपादक सुप्रीम कोर्टात गेले, कोर्टाने नोटीस काढली आणि थोड्याच दिवसांत सरकारने आदेश मागे घेतला. विचार करा, देशाच्या सुरक्षेला खरोखर धोका होता तर कोर्टाची नोटीस आल्यावर तो संपला कसा? त्याच वर्षी मे महिन्यात द वायर या न्यूज पोर्टलची साइट काही काळ बंद होती आणि एक्सने जाहीर केलं की भारतात ८ हजारांहून जास्त अकाउंट ब्लॉक करायचे आदेश आलेत, त्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत कोणती पोस्ट बेकायदेशीर आहे हेही सांगितलेलं नाही. त्यात काश्मीरच्या छोट्या न्यूज पोर्टलचे अकाउंटही होते. युद्धासारखी परिस्थिती होती, काही गोष्टी थांबवायला लागतात हे मलाही मान्य आहे, सैन्याच्या हालचाली दाखवू नका म्हटलं तर कोण कशाला नाही म्हणेल. पण अकाउंटच्या अकाउंट बंद आणि कारण सांगायचं नाही, हे मान्य करता येत नाही.

आपल्या बाजूने काय आहे? बरंच आहे. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून इंटरनेट बंद होतं, तेव्हा काश्मीर टाइम्सच्या अनुराधा भसीन कोर्टात गेल्या आणि १० जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की इंटरनेट बंदीचे आदेश जाहीर करावे लागतील आणि बेमुदत बंदी चालणार नाही. ५ एप्रिल २०२३ ला मल्याळम चॅनल मीडियावनच्या केसमध्ये सरकारने कारणं बंद लिफाफ्यात कोर्टाला दिली होती, चॅनलला दाखवली नव्हती, कोर्टाने ते खपवून घेतलं नाही, आणि सरकारवर टीका केली म्हणून कुणी देशविरोधी होत नाही हेही स्पष्ट केलं. हे निकाल इंटरनेट बंदीचे आणि टीव्ही लायसन्सचे आहेत, वेबसाइट ब्लॉकिंगचे नाहीत, पण तुमचा वकील मुद्दा मांडेल तो याच धर्तीवर.

मुंबई हायकोर्टाने डिजिटल पत्रकारांच्या बाजूने निकाल दिला म्हणतात, तो कुठला?

दोन आहेत, आणि दोन्ही मराठी माणसाने अभिमानाने सांगावेत असे आहेत.

पहिला १४ ऑगस्ट २०२१ चा अंतरिम आदेश. त्या वर्षीच्या आयटी नियमांत डिजिटल बातम्यांसाठी ‘आचारसंहिता’ आणि तीन पायऱ्यांची तक्रार व्यवस्था आली, सगळ्यात वर सरकारी समिती. द लीफलेट हे पोर्टल आणि आपले ज्येष्ठ पत्रकार निखिल वागळे मुंबई हायकोर्टात गेले. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांनी नियम ९(१) आणि ९(३) ला, म्हणजे आचारसंहिता पाळायची सक्ती आणि ती तीन पायऱ्यांची व्यवस्था, यांना स्थगिती दिली. मूळ कायद्यात नाही ते नियमात घुसवता येत नाही आणि अशी संहिता डोक्यावर असेल तर लिहिणारा लिहिताना कचरेल, असं साधारण त्यातलं म्हणणं.

दुसरा फॅक्ट चेक युनिटचा. एप्रिल २०२३ मध्ये नियम बदलून सरकारने स्वतःकडे असा अधिकार घेतला की केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दल कोणती माहिती खोटी किंवा दिशाभूल करणारी आहे हे सरकारचंच युनिट ठरवणार. म्हणजे खड्ड्याची बातमी तुम्ही करायची आणि खड्डा आहे की नाही हे रस्ता बांधणाऱ्यानेच ठरवायचं. विनोदी कलाकार कुणाल कामरा, संपादकांची संघटना एडिटर्स गिल्ड वगैरेंनी आव्हान दिलं. ३१ जानेवारी २०२४ ला दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला, नीला गोखले यांनी टिकवला. मध्येच २० मार्चला सरकारने युनिट जाहीर करून टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. मग तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला पटेल यांच्या बाजूने कौल दिला आणि नियम गेला. पीआयबी या केंद्राच्या प्रसिद्धी खात्याचं फॅक्ट चेक अजूनही एक्सवर शिक्के मारतं, ते त्यांचं मत म्हणून मारू देत, पण त्या शिक्क्यामुळे तुमची बातमी आपोआप बेकायदेशीर होत नाही.

‘साहेबांनी बोलावलंय, येऊन जा’ असा फोन येतो. जायचं का?

छोट्या गावात दबाव बहुतेक वेळा असाच येतो, कलम नाही, नोटीस नाही, नुसता फोन. आमच्याकडेही येतात असे फोन, एका सरकारी कार्यालयातून तर ‘तुमच्या वडिलांना ओळखतो आम्ही’ असंही ऐकवलं गेलं होतं. आवाज न चढवता एवढंच विचारा: साहेब, कोणत्या प्रकरणात, कोणत्या कलमाखाली, लेखी नोटीस पाठवा, मी वकिलासोबत येते किंवा येतो. पोलिसांना चौकशीला बोलवायचं असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याची लेखी नोटीस आहे, कलम ३५(३), जुनं ४१ए. कागदपत्रं किंवा फोन मागायचा असेल तर कलम ९४. नोटीस आली तर मात्र जायचंच, टाळायचं नाही, टाळलं की अटकेला कारण मिळतं.

फोनवर कोण बोललं, कधी, काय म्हणाले ते लगेच वहीत तारीख घालून लिहा आणि दोन विश्वासू माणसांना मेसेज करून ठेवा. आणि बातमीत खरंच चूक असेल तर दुरुस्ती छापा, तारखेसकट, उघडपणे. गुपचूप डिलीट करू नका, कारण डिलीट केलेली बातमी ही पुढे तुमची कबुली म्हणून दाखवली जाते.

कोणती कलमं लावतात साधारण?

राष्ट्रद्रोहाचं जुनं १२४अ सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये गोठवलं, पण नव्या न्याय संहितेत कलम १५२ आलं, शब्द वेगळे पण भीती तीच. शिवाय १९६ म्हणजे गटांमध्ये तेढ, ३५३ म्हणजे अफवा, ३५६ म्हणजे बदनामी. पण तालुक्याच्या पातळीवर सगळ्यात जास्त दिसतात ती दोन: सरकारी कामात अडथळा (जुनं ३५३, आता १३२) आणि खंडणी (आता ३०८). ग्रामसेवकाचा किंवा डॉक्टरचा बाइट घ्यायला कॅमेरा पुढे केला की पहिलं लागू शकतं, म्हणून शूटिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग करा, अनकट फाइल जपून ठेवा, अंगाला हात लागलाच नाही हे तीच सिद्ध करते.

एफआयआरची प्रत आरोपीला मिळायलाच हवी, आणि संवेदनशील गुन्हे सोडले तर ती २४ तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाकायची असं सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच सांगितलंय. अटक झाली तर कारणं लेखी मागा. न्यूजक्लिक या न्यूज पोर्टलचे संपादक प्रबीर पुरकायस्थ यूएपीए या कडक दहशतवादविरोधी कायद्याखाली सात महिने आत होते, आणि १५ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाने त्यांची अटकच बेकायदेशीर ठरवली, कारण अटकेची कारणं त्यांना लेखी दिली नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात कोर्टाने हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं, आणि कारणं अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्या म्हटलं. म्हणजे मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे.

मोबाइल आणि लॅपटॉप जप्त केला तर?

पत्रकारासाठी अटकेपेक्षा हे जास्त जिव्हारी लागतं. जामीन होतो, फोन वर्षानुवर्षं परत येत नाही, आणि त्या फोनमध्ये तुमच्यावर विश्वास टाकून बोललेली माणसं असतात. अंगणवाडीतली सेविका, तलाठी कार्यालयातला कारकून, रेशन दुकानाबद्दल तक्रार करणारी म्हातारी. ३ ऑक्टोबर २०२३ ला न्यूजक्लिक प्रकरणात दिल्लीत आणि इतरत्र डझनावारी पत्रकार, लेखक, कर्मचाऱ्यांच्या घरी पहाटे पोलीस गेले आणि फोन-लॅपटॉप उचलले, त्यातले कितीतरी लोक आरोपीही नव्हते. पत्रकारांच्या एका संस्थेने हा मुद्दा आधीच सुप्रीम कोर्टात नेला होता, नोव्हेंबर २०२३ मध्ये कोर्टाने सरकारला सांगितलं की हे गंभीर आहे, सगळे अधिकार एकट्या तपास यंत्रणांच्या हातात असू शकत नाहीत, नियमावली करा.

दारात पोलीस आलेच तर: वॉरंट किंवा नोटीस वाचायला मागा आणि फोटो काढून ठेवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करणं पोलिसांवर बंधनकारक आहे, त्याची आठवण करून द्या. पंचनाम्यात प्रत्येक वस्तूचा मेक, आयएमईआय किंवा सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि हॅश व्हॅल्यू मागा, म्हणजे आतल्या डेटाचा एक ठसा, नंतर त्यात कुणी काही घुसवलं तर तो बदलतो आणि पकडता येतं. पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय सही नको. आपल्याकडे पंच म्हणून ओळखीचीच माणसं आणून बसवतात, त्यांची नावं पत्ते नीट बघा. पासवर्ड द्यायचा का यावर कोर्टांचं एकमत नाही, म्हणून ‘वकिलाशी बोलून सांगते’ एवढंच म्हणा आणि थांबा.

सूत्राचं नाव सांगायची सक्ती करता येते का?

पत्रकारांना वाटतं की कायद्याने पूर्ण संरक्षण आहे, तसं नाही. प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १५(२) प्रमाणे कौन्सिलसमोर सूत्र सांगायची सक्ती नाही, पण ते कौन्सिलपुरतंच, आणि कौन्सिल वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरती. पेगॅसस या फोनवर हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सूत्रांचं संरक्षण ही पत्रकारितेची मूलभूत अट आहे असं मानलं, ते कामाला येतं. पण खरं संरक्षण तुमच्या सवयीत आहे. सूत्राचा नंबर खऱ्या नावाने सेव्ह करू नका, चॅट आपोआप डिलीट होईल असं ठेवा, कागदाचा फोटो पुढे पाठवताना कोपऱ्यातला आवक नंबर झाका, तेवढ्या नंबरावरून कोणी फोटो काढला ते ऑफिसात दहा मिनिटांत कळतं.

कोर्टाचा आदेश आलाय की सगळे व्हिडिओ काढा, आम्हाला तर कोर्टाने बोलावलंच नव्हतं?

याला एकतर्फी मनाई म्हणतात. मोठं उदाहरण सप्टेंबर २०२५ चं. दिल्लीच्या एका कोर्टाने अदानी एंटरप्रायझेसच्या दाव्यात एकतर्फी आदेश दिला, त्याच्यावर बोट ठेवून माहिती व प्रसारण मंत्रालयाने पत्रकारांना आणि यूट्यूबर्सना १३८ यूट्यूब लिंक आणि ८३ इन्स्टाग्राम पोस्ट काढायला सांगितलं, ज्यातले बरेच जण त्या दाव्यात पक्षकारही नव्हते. चार पत्रकारांनी अपील केलं आणि दोन दिवसांत त्यांच्यापुरता आदेश रद्द झाला. एका खासगी कंपनीच्या दिवाणी दाव्यात मंत्रालयाने पोस्टमनचं काम का करावं याचं पटेल असं उत्तर मी तरी ऐकलेलं नाही. मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या केसमध्ये सांगितलंय की पूर्ण सुनावणीआधी लिखाणावर बंदी हा अपवाद असला पाहिजे. तो निकाल वकिलाला दाखवा, आणि लवकर, अशा केसमध्ये आठवडा गेला तरी उशीर असतो.

जाहिराती बंद करून दबाव आणतात, त्याला काय करायचं?

याला कोर्टात उत्तर नाही, म्हणून हा सगळ्यात अवघड. गावातल्या पोर्टलचं अर्थकारण सगळ्यांना माहीत आहे: नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, पतसंस्थेची जाहिरात, नगरपरिषदेची टेंडर नोटीस, दिवाळी आणि निवडणूक. ज्याच्या वाढदिवसाची जाहिरात घेतली त्याच्या पाणी योजनेतला घोळ पुढच्या आठवड्यात काढायचा, हे बोलायला सोपं आहे. कुणी धमकी देत नाही, नुसती पुढच्या वर्षी जाहिरात येत नाही, आणि मग आपणच आपल्याला सांगायला लागतो की ती बातमी एवढी मोठी नव्हती. हे सेन्सॉर कुणाच्या आदेशाशिवाय चालतं.

मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने १० कोटी रुपयांच्या मीडिया मॉनिटरिंग सेंटरचा निर्णय काढला, सरकारविषयीच्या बातम्या सकारात्मक-नकारात्मक अशा वेगळ्या करायला. सरकारने आपल्यावरच्या बातम्या वाचाव्यात की, जरूर वाचाव्यात, पण नकारात्मक बातम्यांच्या यादीचं पुढे काय होतं हे लोकांना कळलं पाहिजे. देणगीवर चालणाऱ्यांचंही सोपं नाही, जानेवारी २०२५ मध्ये द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह या शोध पत्रकारिता करणाऱ्या संस्थेची करसवलत आयकर खात्याने काढली, तुमची पत्रकारिता लोकोपयोगी कामात बसत नाही म्हणून.

मला दिसणारा एकच रस्ता म्हणजे वाचकांकडून थोडे थोडे पैसे, महिन्याला पन्नास रुपये देणारे तीनशे लोक. गावाबाहेर पुण्या-मुंबईत आणि परदेशात गेलेले गावकरी इथे कामाला येतात, त्यांना गावची खरी बातमी हवी असते आणि स्थानिक पुढाऱ्याचं काही देणं नसतं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून पैसे घेण्याआधी मात्र परकीय निधीचे नियम सीएला विचारा, तिथे गडबड झाली तर मोठं संकट ओढवतं.

मारहाण झाली, कॅमेरा फोडला तर कोणता कायदा?

महाराष्ट्रात पत्रकार संरक्षणाचा २०१७ चा वेगळा कायदा आहे, हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, तपास डीवायएसपी किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने करायचा. अडचण व्याख्येत आहे, ती नोंदणीकृत वर्तमानपत्रं, न्यूज चॅनल अशा संस्थांभोवती फिरते, त्यामुळे एकट्या यूट्यूबवाल्याची तक्रार घेताना ठाणे अंमलदार साधी एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून पाठवायला बघतो. तक्रारीत कायद्याचं नाव स्वतः लिहून द्या.

राजापूरचे शशिकांत वारिशे यांची आठवण ठेवा. फेब्रुवारी २०२३ मध्ये बारसू रिफायनरीच्या वादावर त्यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी, ज्याच्याबद्दल ती बातमी होती त्याची गाडी त्यांच्या दुचाकीवर येऊन आदळली, दुसऱ्या दिवशी ते गेले. आधी खुनाचं कलम लागलं नव्हतं, पत्रकारांनी आवाज उठवल्यावर ते लागलं. पुण्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये निखिल वागळेंची गाडी पोलीस बंदोबस्त असताना भररस्त्यात फोडली गेली. रिफायनरी, वाळू, जमीन, टेंडर, या विषयांवर बातमी करणार असाल तर कुठे जाताय, कुणाला भेटताय हे कुणाला तरी सांगून जा.

हे फक्त आत्ताच्या सरकारच्या काळात होतंय का?

नाही, आणि असं म्हणणाऱ्यांनी २०१२ आठवावं. तेव्हा राज्यात आणि केंद्रात दुसरी सरकारं होती, सप्टेंबरमध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राष्ट्रद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली, नोव्हेंबरमध्ये पालघरला फेसबुक पोस्ट आणि तिच्या लाइकसाठी दोन मुलींना. त्याआधी आणीबाणी: पुण्याचं साधना साप्ताहिक सेन्सॉरशिपविरुद्ध कोर्टात लढलं, कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत व्यासपीठावरून बोलल्या, आणि मुंबई हायकोर्टाने १९७६ मध्ये मिनू मसानींच्या केसमध्ये सांगितलं की सरकारवरची टीका दडपायला सेन्सॉरशिप वापरता येत नाही. लोकमान्यांना १८९७ आणि १९०८ मध्ये केसरीतल्या लेखांवरून शिक्षा झाली तेव्हा तर इंग्रज होते. सत्ता कुणाचीही असो, बातमी टोचतेच. पण म्हणून ‘सगळेच सारखे’ म्हणून सोडून द्यायचं असं नाही, कारण आज एका क्लिकवर न सांगता आख्खी साइट गायब करता येते, ही ताकद तेव्हा कुणाकडेच नव्हती. जागतिक प्रेस स्वातंत्र्य निर्देशांकात २०२५ मध्ये १८० देशांत भारत १५१ वा होता, त्याच्या पद्धतीवर वाद घालता येतील, पण वर लिहिलेल्या घटना त्या यादीशिवायही खऱ्याच आहेत.

यूट्यूबवर माइक घेऊन ब्लॅकमेल करणारेही आहेत. मग थोडं नियंत्रण हवंच ना?

ब्लॅकमेल करणारे आहेत, आणि त्यांच्यामुळे आपल्या सगळ्यांची पत जाते, याचा मला मनापासून राग येतो. दवाखान्यात घुसून डॉक्टरला धमकावणारा, बातमी न लावायचे पैसे घेणारा पत्रकार नाही, तो खंडणीखोर आहे आणि त्याच्यासाठी खंडणीचं कलम आहेच. गुन्हा करणाऱ्यावर गुन्हा दाखल करा. त्याच्या नावाखाली सगळ्यांच्या बातम्यांवर सरकारी शिक्का बसवायचं कारण नाही. आपण मात्र आपल्या पोर्टलवर मालकाचं नाव, पत्ता, तक्रारीसाठी नंबर आणि जाहिरातीचे दर उघड लिहावेत.

आरटीआयमधून आता माहिती मिळत नाही, ‘वैयक्तिक आहे’ म्हणतात?

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल केला, आधी सार्वजनिक हितासाठी वैयक्तिक माहिती देता यायची तो भाग त्या कलमातून काढला. पण ८(२) अजून जागेवर आहे, नुकसानापेक्षा लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते असं तिथे म्हटलंय, म्हणून अर्जातच ८(२) लिहा आणि लोकहित काय ते दोन ओळींत मांडा. अपील करायचा कंटाळा करू नका.

चॅनल अचानक उडालं तर पहिल्या दिवशी काय करायचं?

स्क्रीनशॉट, आलेला मेल, वेळ. मग कंपनीला मेल करून आदेशाची प्रत, कलम आणि आदेश देणारं खातं विचारा, तसाच मेल माहिती व प्रसारण मंत्रालयाला आणि आयटी मंत्रालयाला. उत्तर नाही आलं तरी आपण विचारलं होतं याचा पुरावा राहतो आणि हायकोर्टात रिट करताना तोच लागतो. कॉपीराइट स्ट्राइक वेगळा असतो, त्याची गल्लत करू नका, नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक आले की चॅनल जातं, म्हणून एजन्सीचं फुटेज उचलून लावायची सवय सोडा.

हे सगळं करायला वाचक शिल्लक राहिले पाहिजेत, आणि सबस्क्रायबरची यादी यूट्यूबकडे असते, तुमच्याकडे नाही. म्हणून आजपासून ईमेलची यादी करा, व्हॉट्सअॅप चॅनल आणि टेलिग्राम दोन्ही ठेवा, स्वतःचं डोमेन स्वतःच्या नावावर घ्या, ते पोर्टल बनवून देणाऱ्या पोराच्या नावावर नको. व्हिडिओच्या मूळ फाइल दोन हार्ड डिस्कवर, त्यातली एक घराबाहेर, बहिणीकडे किंवा मित्राकडे. आणि दर तीन महिन्यांनी ती डिस्क लावून उघडते का ते बघा.